होर्डिंग आधी काय होतं? पत्र्याच्या कुंपणाची २०० वर्षांची गोष्ट

हेडफोन लावलेत? चला, सुरू करूया.

तुमच्या गल्लीत एखादी जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की सगळ्यात आधी काय येतं, सांगा बरं? जेसीबी? क्रेन? नाही. आधी येतात पत्रे. निळे, हिरवे, पांढरे. दोन दिवसांत चारही बाजूंनी ठोकले जातात आणि ओळखीचा कोपरा दिसेनासा होतो. काम संपलं की पत्रे गायब. कुणी त्यांचा फोटो काढत नाही, कुणाला त्यांची आठवणही येत नाही. आजचा एपिसोड या तात्पुरत्या कुंपणाचा आहे. आणि त्याची सुरुवात करायची एका शब्दापासून: होर्डिंग.

होर्डिंग म्हटलं की आपल्याला काय आठवतं? भाऊंचा वाढदिवस, भावी नगरसेवक, मोबाईलची जाहिरात. पण इंग्लंडमध्ये आजही बांधकामाभोवतीच्या फळ्यांच्या कुंपणाला होर्डिंगच म्हणतात. तोच मूळ अर्थ. शब्द आला जुन्या फ्रेंचमधून, तिकडे ‘हूर्द’ म्हणजे लाकडी आडोसा, माचा. मध्ययुगात युरोपातल्या किल्ल्यांच्या तटावर लढाईच्या वेळी लाकडाचा तात्पुरता सज्जा बांधायचे, आतल्या सैनिकांना बाण लागू नयेत म्हणून. त्यालाही होर्डिंगच म्हणतात. साठेबाजीच्या ‘होर्डिंग’शी मात्र याचं काही नातं नाही. स्पेलिंग सारखं आहे, एवढंच.

म्हणजे मुळात होर्डिंग ही माणसाला वाचवणारी वस्तू. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कायदा काय म्हणत होता?

आता एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाऊया. शहरं झपाट्याने वाढतायत. जुनी घरं पाडली जातायत, नवीन रस्ते निघतायत. घरं अगदी रस्त्याला लागून, त्यामुळे परांचीवरून वीट निसटली की ती थेट येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यात. वर विटा-वाळूचे ढीग रस्त्यातच.

मग १८४७ साली ब्रिटिश पार्लमेंटने शहर सुधारणांचा एक कायदा केला. त्यातलं एक कलम फक्त या कुंपणाबद्दल आहे. काम सुरू करायच्या आधी फळ्यांचं कुंपण घाला. जागा असेल तर कुंपणाच्या बाहेरून लोकांना चालायला फळीची वाट करून द्या आणि तिला कठडा लावा. जोपर्यंत लोकांच्या सुरक्षिततेसाठी गरज आहे, तोपर्यंत कुंपण धड अवस्थेत ठेवा. आणि गरज असेल तिथे रात्री त्यावर उजेड ठेवा.

यात एक गंमत बघा. कुंपण बिल्डरच्या मालाची चोरी होऊ नये म्हणून घाला, असं कायदा म्हणत नाही. त्याला काळजी आहे पायी चालणाऱ्याची. हा एक व्यवहार आहे, भाडेकरारासारखा. शहर सांगतंय, बाबा रे, रस्त्याचा तुकडा काही दिवस वापर. पण चालणाऱ्याला वाट दे, उजेड दे, आणि गरज संपली की जागा परत कर.

हाच कायदा पुढे बोटीत बसून आपल्याकडे आला. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा, जो बऱ्याच दुरुस्त्यांसह आजही लागू आहे, त्यातही हीच तरतूद आहे: रस्ता किंवा फुटपाथ अडणार असेल तर परवानगी घेऊन कुंपण, जागा असेल तर बाहेरून चालायची वाट आणि कठडा, रात्री दिवा. आणि त्या कलमात कुंपणासाठी शब्द वापरलाय ‘होर्डिंग’!

मग त्यावर पोस्टर कुठून आली?

थोडं डोकं चालवा. भर बाजारात, गर्दीच्या चौकात, महिनोन्‌महिने उभी असलेली कोरी लाकडी भिंत. त्या काळी तिकडे पेपरमधल्या जाहिरातीवर सरकारी कर होता, तो १८५३ मध्ये रद्द झाला. पोस्टर त्यामानाने स्वस्त. मग काय! खळीची बादली आणि ब्रश घेतलेली माणसं निघाली. सर्कस, नाटक, औषधाच्या गोळ्या, जे असेल ते चिकटव. सकाळी एकाने लावलं, दुपारी दुसऱ्याने त्याच्यावर लावलं.

याचे पुरावे बघायचे असतील तर दोन चित्रं सर्च करा. एक, जॉन ऑर्लँडो पॅरी याने १८३५ मध्ये रंगवलेलं लंडनच्या रस्त्याचं चित्र. त्यात पोस्टरवर पोस्टर, फळी दिसतच नाही. दुसरं, विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट याने १८४४ मध्ये काढलेला फोटो. टॅलबॉट म्हणजे फोटोग्राफी शोधणाऱ्यांपैकी एक. ट्राफल्गार स्क्वेअरमध्ये नेल्सनचा स्तंभ बांधला जातोय, आणि त्याच्याभोवतीच्या कुंपणावर पोस्टर चिकटवलेली आहेत. फोटोग्राफी जेमतेम पाच वर्षांची असताना तिने हे टिपलंय. चार्ल्स डिकन्सने तर १८५१ मध्ये या पोस्टर चिकटवणाऱ्यांवर अख्खा लेख लिहिला.

आपल्या भिंतींवर ‘स्टिक नो बिल्स’ असं लिहिलेलं असतं ना? ते बिल लाइटचं नाही. बिल म्हणजे भिंतीवर लावायचं पत्रक. हा सगळा त्याच काळाचा वारसा.

हळूहळू कुंपणाच्या जागेचे पैसे मिळू लागले. बांधकाम नसलं तरी नुसत्या जाहिरातीसाठी फळ्या उभ्या राहू लागल्या, आणि नाव तेच राहिलं. भारतात तर मूळ अर्थ पुसलाच गेला. कुंपणाला आपण पत्रे म्हणतो, बॅरिकेड म्हणतो. होर्डिंग म्हणजे फक्त जाहिरात.

फळीचा पत्रा कसा झाला?

लाकूड महाग, म्हणून ते वाया घालवायचे नाहीत. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस नावाची प्रचंड काचेची इमारत बांधली, तेव्हा साइटभोवती जे फळ्यांचं कुंपण होतं, त्याच फळ्या नंतर आत जमिनीला वापरल्या. लोक कुंपणावरून चालत प्रदर्शन बघत होते!

पत्र्याचा शोध त्याआधीचा. १८२९ मध्ये हेन्री पामर या लंडनच्या गोदीतल्या इंजिनिअरने पन्हाळी पत्र्याचं पेटंट घेतलं. साधा पातळ पत्रा उभा केला की वाकतो, पण त्याला लाटा दिल्या की तोच ताठ उभा राहतो. एक कागद घ्या, पंख्यासारख्या घड्या घाला, लगेच कळेल. पुढे १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेलने लोखंडावर जस्ताचा थर देण्याचं पेटंट घेतलं, म्हणजे आपलं गॅल्व्हनाइझिंग. गंज थांबला. हलका, ताठ, एकावर एक रचता येणारा, पावसात टिकणारा आणि पुढच्या साइटवर पुन्हा वापरता येणारा. कोकण-मुंबईच्या पावसाला आणखी काय हवं?

आज पत्र्यांचं काम काय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा फार बिघडली, तेव्हा महापालिकेने धुळीसाठी नियम काढले. मोठ्या साइटला किमान ३५ फूट उंच पत्रे, एक एकरपेक्षा लहान साइटला २५ फूट. म्हणजे जुनं कुंपण वरून पडणारी वीट अडवायचं, आता त्याच्याकडून धूळ अडवायची अपेक्षा आहे. अपेक्षा रास्तच आहे. पण उंचीकडे बघताना पायाखाली बघायचं राहून जातं. ३५ फुटी पत्र्याच्या बाहेर चालायला तीन फूट तरी उरलेत का?

आणि ‘तात्पुरतं’ म्हणजे किती दिवस? मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ चे बॅरिकेड्स लागले तेव्हा जे शाळेत होते, ते कफ परेडपर्यंतची पूर्ण लाइन सुरू होईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०२५ पर्यंत, कॉलेज संपवून नोकरीला लागले. मेट्रो हवीच होती, त्यात वाद नाही. पण इतकी वर्षं रोज गाड्यांच्या मधून चालणाऱ्या आजीला फळी आणि कठडा कुठे कुठे मिळाला, हा प्रश्न १८८८ च्या कायद्याला धरूनच आहे.

आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते. १३ मे २०२४, घाटकोपर. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. मुंबईत परवानगी जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांची, आणि ते होतं त्याच्या कितीतरी पट मोठं. रस्त्यावरच्या माणसाला वाचवण्यासाठी जन्मलेला शब्द, आणि त्याच नावाची वस्तू रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर पडली. मधल्या काळात एवढंच झालं, की चालणारा माणूस विसरला गेला आणि त्याला दिसणारी जाहिरात महत्त्वाची ठरली.

म्हणून एक छोटं काम. उद्या क्लासला, ऑफिसला जाताना वाटेतले पत्रे जरा नीट बघा. बाहेरून चालायला वाट आहे? रात्री दिवा लागतो? नसेल, तर तारखेसकट फोटो काढा आणि वॉर्ड ऑफिसला तक्रार टाका. लिहिताना हेही लिहा की आम्ही मेहरबानी मागत नाही, ही वाट कायद्यातच आहे.

तुमच्या भागातले सगळ्यात जुने ‘तात्पुरते’ पत्रे कुठे आहेत आणि किती वर्षांपासून, ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, आणि जपून चाला!