एका माणसाबरोबर संपलेली बिअर

सध्या क्राफ्ट बिअरवाल्यांमध्ये 'गोझे' नावाची आंबट बिअर बरीच चालते. त्यात गहू, मीठ आणि चक्क धणे! आंबटपणा येतो तो दही लावणाऱ्या जिवाणूंच्या भाऊबंदांमुळे. म्हणजे आपल्या मठ्ठ्याची लांबची नातेवाईकच म्हणा. प्यायची की नाही हा वाद बाजूला ठेवू. मला तिचा इतिहास सांगायचाय.

जर्मनीतल्या गोस्लार गावची ही बिअर. तिथल्या गोझे नदीवरून नाव पडलं. 1740 च्या सुमारास ती लाइपझिगमध्ये लोकप्रिय झाली आणि तिथलीच होऊन बसली. लांब मानेच्या बाटलीला बूच नसायचं. वर आलेलं यीस्टच मानेत साचून बूच व्हायचं.

बव्हेरियात 1516 चा नियम होता: बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स, बास. 1906 मध्ये शुद्धतेचा हा कायदा सगळ्या जर्मनीला लागू झाला. त्या हिशोबाने धणे-मीठ बसतच नाही. पण प्रादेशिक खासियत म्हणून गोझेला सूट मिळाली. म्हणजे कायद्याने तिला मारलं नाही.

मग संपली कशी? ड्योलनिट्सचा मोठा कारखाना 1945 मध्ये सरकारने ताब्यात घेतला आणि बंद केला. तिथे काम केलेल्या फ्रीडरिश वुर्त्सलर यांना कृती माहीत होती. त्यांनी लाइपझिगमध्ये 1949 मध्ये छोटा कारखाना काढला, जाण्याआधी कृती सावत्र मुलाला दिली. गिऱ्हाईक मात्र घटतच गेलं. 1966 मध्ये तो मुलगा वारला, कारखाना बंद झाला, गोझे गेली.

पुढची वीसेक वर्षं ती कुठेच नव्हती. मग लोथार गोल्डहान या गृहस्थांनी लाइपझिगमधली एक जुनी गोझेची खानावळ पुन्हा उघडायचं ठरवलं. त्यांनी जुन्या पिणाऱ्यांना गाठून चव कशी होती ते विचारून घेतलं आणि 1986 मध्ये पूर्व बर्लिनच्या एका कारखान्यातून बिअर बनवून घेतली. चव आठवणारी माणसं तेव्हा हयात होती, म्हणून हे जमलं. आणखी वीस वर्षं थांबले असते तर विचारायचं कुणाला?

आपण वारसा म्हटलं की किल्ले आणि पुतळ्यांवर बोलतो. पण आपल्याही गावात एखादी कृती, एखादी कारागिरी एकाच म्हाताऱ्या माणसाच्या हातात उरलेली असते. तुमच्या माहितीत असं कुणी आहे? मग या आठवड्यात जा, विचारा, लिहून घ्या.