फटफटीचे मोल : पाउंड, तोळे आणि कागद

सुरतेतल्या जुन्या मराठी घरांत गप्पा रंगल्या की कुणाच्या तरी आजोबांची बीएसए, काकांची नॉर्टन किंवा मामांची मॅचलेस हटकून निघते. तिचा आवाज, तिचा वेग, किक मारताना नडगीला बसलेला हिसका, सगळे सांगून होते. राहते ती एकच गोष्ट: ती घेताना किती रुपये मोजले? आपले गुजराती शेजारी हा प्रश्न पहिल्यांदा विचारतात. ‘फटफटियुं केटलामां पड्युं?’ पैशाचा विषय चारचौघांत काढू नये, असे आपल्याकडे मानतात. या संकोचापायी घराच्या इतिहासातली एक महत्त्वाची नोंद मात्र हरवते. घराने कशासाठी किती पोट मारले, हे किमतीवरूनच कळते.

एक उदाहरण घ्या. १९३७ साली ट्रायम्फ कंपनीने एडवर्ड टर्नर यांनी आखलेली ‘स्पीड ट्विन’ ही ५०० सीसीची, दोन सिलिंडरची गाडी काढली. इंग्लंडात तिची किंमत होती ७५ पाउंड. एक रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स, हा दर १९२७ पासून कायद्याने बांधलेला होता. त्यामुळे एका पाउंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै पडत. गुणाकार करून पाहा, ७५ पाउंडांचे बरोबर एक हजार रुपये होतात. बोटीचे भाडे, विमा, जकात आणि व्यापाऱ्याचा नफा हे सगळे त्याच्यावर.

हजार रुपये म्हणजे किती, हे आज नुसत्या आकड्यावरून उमगत नाही. मुंबईच्या कापडगिरणीतल्या कामगाराच्या हाती तेव्हा महिन्याला साधारण तीस रुपये पडत. म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षांचा पूर्ण पगार. दुसरे माप आपल्या घरांत जास्त चालणारे आहे, ते सोन्याचे. लंडनला तेव्हा सोन्याचा भाव औंसाला १४० शिलिंगांच्या आसपास होता. तो तोळ्यावर आणला तर ३५ रुपये होतो. म्हणजे नवी गाडी साडेअठ्ठावीस तोळ्यांची. अशी गाडी संस्थानिक, गोरा अधिकारी, डॉक्टर किंवा बडा व्यापारी यांच्याच दारात दिसावी, यात नवल नाही.

मग ती मध्यमवर्गाच्या दारात आली कशी? महायुद्धामुळे. बीएसएची एम-२० ही गाडी युद्धकाळात सव्वा लाखाच्या आसपास बनली. नॉर्टनची १६-एच लाखाच्या घरात गेली. युद्ध संपल्यावर लष्कराला नकोसा झालेला माल लिलावात निघाला, आणि ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द मराठीत रुळला. ही गाडी जुनी, खाकी रंगाची आणि पुष्कळ सोसलेली असे. पण नव्या गाडीपुढे ती स्वस्त पडे. शिवाय उघडून पुन्हा जोडता येईल इतकी साधी असे. खरेदीची किंमत कमी आणि पुढचा खर्च मिस्त्रीच्या हातात, असा तो हिशेब होता.

स्वातंत्र्यानंतर हिशेब पुन्हा बदलला. युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेली आपली पाउंडांची गंगाजळी पंचवार्षिक योजनांच्या यंत्रसामग्रीवर खर्च होत गेली आणि १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई ऐन भरात आली. मोटरसायकलसारख्या वस्तूसाठी पाउंड मिळणे दुरापास्त झाले. त्याआधीच, १९५५ साली, रेडिचच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने मद्रास मोटर्सबरोबर ‘एनफिल्ड इंडिया’ काढली होती. आधी सुटे भाग आणून जोडणी होई. १९६२ पर्यंत बुलेटचे सगळे भाग इथेच बनू लागले. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, मॅचलेस यांच्या बाबतीत असे काही झाले नाही. देशात होत्या तेवढ्याच गाड्या उरल्या.

६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि १३ रुपये ३३ पैशांचा पाउंड एका रात्रीत २१ रुपयांचा झाला. जो पिस्टन किंवा मॅग्नेटो विलायतेहून मागवायचा, त्याची रुपयातली किंमत दीडपटीहून वर गेली. तिकडे कारखानेही मोडत चालले होते. व्हिन्सेंट १९५५ मध्येच थांबली होती. बीएसए १९७३ मध्ये कोसळली. मेरिडनचा ट्रायम्फ कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. इथे मग लेथवाल्याने घडवलेला भाग आणि दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर यांवर गाड्या चालल्या. ज्या चालेनात त्या भंगारात वजनावर गेल्या. सौराष्ट्रात तर बुलेटच्या पुढच्या अर्ध्या भागाला मागे दोन चाके जोडून छकडो तयार झाला आणि त्याने गावेच्या गावे वाहून नेली. गाडी विकणाऱ्यांना हसू नका. पेट्रोल, मिस्त्री आणि मुलांची फी यांत त्यांनी निवड केली होती.

आता तोळ्यांचा हिशेब पुढे नेऊ. १९८६ सालच्या ३५० सीसी बुलेटचे एक बिल वर्तमानपत्रांतून बरेच गाजले. त्यावर आकडा आहे १८,७०० रुपये. त्या वर्षीच्या भावाने हे सुमारे साडेसात तोळे सोने होते. जुलै २०२३ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने चाकणला बनवलेली ट्रायम्फ स्पीड ४०० बाजारात आली, २ लाख ३३ हजारांना. तेव्हाच्या भावाने हे साडेतीन तोळ्यांच्याही आत आहे. साडेअठ्ठावीस, साडेसात, साडेतीन. सोने स्वतःही महागले आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही दिशा स्पष्ट दिसते. जी चैन संस्थानिकाची होती, ती नोकरदाराच्या हप्त्यात बसू लागली.

गंमत पाहा, इंग्रज व्यापाऱ्यांनी १६१३ साली आपल्या याच सुरतेत वखार थाटली आणि इथल्या दलालांकडून भावताव शिकून घेतला. आता त्यांच्या गाड्यांची नावेच इथल्या कंपन्यांकडे आली आहेत. एनफिल्ड इंडिया १९९४ मध्ये आयशरकडे आली. २०१६ मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहाने बीएसए ३४ लाख पाउंडांना घेतली. २०२० मध्ये टीव्हीएसने नॉर्टन १ कोटी ६० लाख पाउंडांना घेतली.

आणि जुन्या गाड्या? २०१८ मध्ये लास व्हेगासच्या लिलावात १९५१ ची एक व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग ९ लाख २९ हजार डॉलरांना गेली. हा आकडा वाचून कोठीतली गाडी लगेच विकायला काढू नका. ती दुर्मीळ शर्यतीची गाडी होती. युद्धातून आलेली एम-२० त्या पंक्तीत बसत नाही.

आपल्या उपयोगाचा आकडा दुसराच आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, ती दहा वर्षे चालते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. आणि भारतात आधी नोंदलेल्या गाडीसाठी तिचे जुने आरसी पुस्तक मागतात.

इथे पैसा उपयोगी पडत नाही. सुरत १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात होती. आजोबांचे आरसी पुस्तक त्या राज्याचे असेल, बिलावर रुपये-आणे-पै असतील, आणि ट्रंकेच्या तळाशी असा कागद पाहून तो रद्दीत टाकायचा मोह होईल. तो टाकू नका. गाडी राहिली नसेल तरी जपून ठेवा. आणि घरात कुणी ऐंशी-नव्वदीचे असेल, तर एकदा संकोच सोडून विचारा: कितीला घेतली होती, पैसे कुठून उभे केले, आणि त्यासाठी घरात काय घ्यायचे राहून गेले? मिळेल ते उत्तर तारीख घालून त्याच कागदाच्या पाठीमागे लिहून ठेवा.