आधी लोकमत की आधी नियम?

जळगाव-धुळे परिसरातील सभा-संमेलनांतून राखीव जागांविषयी एक आक्षेप वारंवार ऐकू येतो. समाजाचे मन तयार होण्यापूर्वीच नियम लादला गेला आणि त्यामुळे कटुता वाढली, असे सांगितले जाते. या आक्षेपाची परीक्षा इतिहासाच्या आधारे करावयास हवी.

खानदेश ज्या मुंबई इलाख्याचा भाग होता, त्याच इलाख्यातील धारवाड येथे १८५६ मध्ये एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. न्याय त्याच्या बाजूस आहे हे सरकारला मान्य होते. तथापि लोकमत प्रतिकूल म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. १८८२ च्या हंटर आयोगाने जातीच्या कारणावरून सरकारी शाळेत कोणासही प्रवेश नाकारू नये हे तत्त्व मानले, परंतु अंमल सावधपणे करावा असेही सुचविले. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांचाही उल्लेख करावा लागला. म्हणजे ६७ वर्षे लोकमताची वाट पाहिली, तरी ते आपण होऊन पालटले नाही.

१९५६ च्या धर्मांतरानंतर याच प्रश्नाने दुसरे रूप धारण केले. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राच्या सवलती मात्र १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. अर्जावर ‘बौद्ध’ लिहावे की पूर्वीची जात, या पेचात एक अख्खी पिढी वाढली.

चुल्लवग्गातील एक प्रसंग येथे मननीय आहे. अनुरुद्ध, आनंद आदी शाक्यकुमारांनी तथागतांना विनंती केली की, उपाली न्हाव्यास आमच्या आधी प्रव्रज्या द्यावी. त्यास वंदन करताना आमचा कुलाभिमान गळेल. तथागतांनी तसेच केले. अभिमान गळण्याची वाट पाहून नंतर क्रम ठरविला नाही. क्रम आधी ठरला. त्या कुमारांत देवदत्तही होता व त्याचे मन पालटले नाही, हेही ध्यानी घ्यावे. परंतु त्याच्यासाठी उपालीचे ज्येष्ठत्व थांबले नाही. पुढे राजगृहाच्या प्रथम संगीतीत विनयाचे कथन उपालीनेच केले.

नियमाने प्रत्येक मन शुद्ध होते, असा दावा नाही. मने शुद्ध होईपर्यंत उपालीस दाराबाहेर उभे करावे काय, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर विनयाने केव्हाच दिलेले आहे.