प्राध्यापकांविषयीचे पहिले मत : एका संशोधनपरंपरेचा मागोवा

वर्गात नव्याने येणाऱ्या प्राध्यापकाविषयी विद्यार्थी आपले मत केव्हा आणि कशाच्या आधारे बनवतात, या प्रश्नाला प्रयोगाची शिस्त मिळाली ती विसाव्या शतकाच्या मध्यास, अमेरिकेत. व्यक्तीच्या गुणवर्णनातील एकच विशेषण बदलले तरी वाचणाऱ्याच्या मनातील तिचे संपूर्ण चित्र पालटते, हे सॉलोमन ॲश यांनी १९४६ मध्ये दाखविले होते. मात्र ॲश यांची व्यक्ती कागदावरची होती. हॅरॉल्ड केली यांनी ती वर्गात आणून उभी केली.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील केली यांचा हा प्रयोग १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. नवे अध्यापक वर्गात येण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्यांचा अल्पपरिचय वाटण्यात आला. उद्योगी, चिकित्सक, व्यवहारी, दृढनिश्चयी ही विशेषणे सर्वांच्या कागदावर सारखीच होती. फरक एकाच जागी होता. काहींच्या कागदावर ‘अत्यंत जिव्हाळ्याचे’, तर इतरांच्या कागदावर ‘काहीसे कोरडे’ असे लिहिलेले होते. त्यानंतर एकाच वर्गात बसून दोन्ही गटांनी त्या अध्यापकांची तीच वीस मिनिटांची चर्चा अनुभवली. पहिल्या गटाला ते अधिक विनोदी, मनमिळाऊ व समंजस वाटले. चर्चेत पहिल्या गटातील ५६ टक्के, तर दुसऱ्या गटातील केवळ ३२ टक्के विद्यार्थ्यांनी भाग घेतला. हा दुसरा निष्कर्ष पहिल्याहून अधिक महत्त्वाचा मानावा लागेल. कारण जो विद्यार्थी बोलतच नाही, त्याला आपले मत तपासून पाहण्याची संधीही मिळत नाही. आपल्याकडे अशा छापील कागदाची गरज भासत नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थी ते काम प्रवेशाच्या रांगेतच उरकतात.

१९७० मध्ये ‘डॉ. फॉक्स’ या नावाने एका नटाकडून मुद्दाम आशयशून्य व्याख्यान देवविण्यात आले. श्रोते मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांसारखे जाणकार होते, तरीही त्यांचा अभिप्राय अनुकूल आला.

नलिनी अंबाडी व रॉबर्ट रोझेन्थल यांचा १९९३ मधील अभ्यास पुष्कळदा अर्धवट उद्धृत केला जातो. कोलकात्यात जन्मलेल्या अंबाडी यांनी हार्वर्डमधील अध्यापकांच्या, दहा सेकंदांच्या तीन अशा, मूक चित्रफिती अपरिचित विद्यार्थिनींना दाखविल्या. त्यांनी दिलेले गुण आणि प्रत्यक्ष वर्गातील विद्यार्थ्यांनी सत्राखेरीस दिलेले गुण यांतील सहसंबंध ०.७६ इतका निघाला. यावरून ‘पहिल्या अर्ध्या मिनिटात सारे ठरते’ असे सांगितले जाते. वस्तुतः हे तुकडे तासाच्या आरंभीचे, मधले व अखेरचे असे तिन्ही टप्प्यांतले होते. म्हणून खरा प्रश्न वेगाचा नाही. ज्यांनी एक शब्दही ऐकला नाही त्यांचे मत सत्रभर ऐकणाऱ्यांच्या मताशी इतके जुळत असेल, तर सत्राखेरीच्या अर्जात नोंदले जाते ते अध्यापन की आविर्भाव? उत्साह व आत्मविश्वास हेही अध्यापनाचे अंग आहेत, हा प्रतिवाद रास्त आहे. पण तो अपुरा आहे.

बॉब उटल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये, एकच विषय अनेक तुकड्यांना शिकविल्या गेलेल्या अभ्यासांचे एकत्रित पुनर्विश्लेषण केले. विद्यार्थ्यांनी अध्यापकांना दिलेले गुण आणि प्रत्यक्ष झालेले अध्ययन यांत उल्लेखनीय संबंध आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी ‘नॅक’च्या सुधारित मूल्यांकन-चौकटीत, अध्यापन-अध्ययनाच्या निकषाखाली, विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला स्थान मिळाले.