देशी बुद्धिबळ : पटावरील युद्धक्रीडेचा इतिहास

प्रस्तावना : आळीपाळीने चाली करावयाच्या संगणकीय युद्धखेळांची परंपरा पटावरील खेळांपर्यंत मागे जाते. १७८० मध्ये जर्मनीतील हेलविग यांनी बुद्धिबळाचा विस्तार करून युद्धखेळ सिद्ध केला. १९८३ मधील 'वॉरहॅमर' हा कल्पनारम्य खेळ पुढे संगणकावर आला. बुद्धिबळाचे मूळ मात्र भारतीय चतुरंगात आहे.

विवेचन : कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त राजविनोदांमध्ये चतुरंगाचा समावेश आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'नीतिमयूख' या राजनीतिपर ग्रंथात बुद्धिबळाचे विवेचन केले. यावरून हा खेळ केवळ करमणूक मानला जात नव्हता, हे दिसते. देशी पद्धतीत शह बसण्यापूर्वी राजास एकदा घोड्याची अडीच घरांची चाल मिळे. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे सामान्यतः त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. म्हणजे बढती खेळाडूच्या निवडीने नव्हे, तर स्थानाने ठरे. आंतरराष्ट्रीय नियम रूढ झाल्यावर ही पद्धत मागे पडली.

निष्कर्ष : खेळाचे नियम हेही सामाजिक इतिहासाचे साधन होय. ग्रंथांत न आलेले स्थानिक नियम स्मृतीबरोबरच लोप पावतात; म्हणून त्यांची नोंद महाविद्यालयीन इतिहास विभागांनी वेळीच करणे अगत्याचे आहे.