एकोणीस डॉलरची दुर्बीण

रायफलीवरच्या दुर्बिणीचा इतिहास बहुधा युद्धाच्या अंगानेच सांगितला जातो. अमेरिकन यादवी युद्धातील नेमबाज, पहिल्या महायुद्धातील खंदक, स्टालिनग्राडचे भग्न कारखाने, ही त्या कथेतली ठरलेली स्थानके. या मांडणीत एक साधा प्रश्न हरवतो. दिवसभर रायफल खांद्यावर घेऊन डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्याला केवढी दुर्बीण परवडते? ‘परवडते’ हा शब्द येथे वजनाच्या आणि पैशाच्या, अशा दोन्ही अर्थांनी घ्यावा. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली, आणि ते देणारा तरुण जेमतेम पंचविशीचा होता.

१८४० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील युटिका गावी मॉर्गन जेम्स हा बंदुकांचा कारागीर नळीच्या लांबीइतक्याच लांब दुर्बिणी बनवीत असे. त्यांच्या रचनेत जॉन चॅपमन या अभियंत्याचा मोठा वाटा होता. पुढे १८५५ पासून सिराक्यूजच्या विल्यम माल्कमने भिंगांचा दर्जा सुधारला आणि चित्राच्या कडेला उमटणारी रंगांची झालर त्याने बरीच कमी केली. पण लांबी तशीच राहिली. दस्त्याजवळून निघून पार नळीच्या टोकापर्यंत जाणारी ती बारीक नलिका लक्ष्यभेदाच्या स्पर्धेत, टेकू दिलेल्या बंदुकीवर उत्तम काम देई. झुडपांतून वाट काढणाऱ्या माणसाच्या हाती मात्र ते लोढणेच ठरे.

या टप्प्यावर मुंबईचा एक धागा येऊन मिळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेला डेव्हिडसन हा स्कॉटिश अधिकारी रायफलीवरच्या दुर्बिणींच्या मागे लागला. त्याने दुर्बीण नळीच्या माथ्यावर न ठेवता डाव्या कुशीला बसवली. परिणामी ती आखूड झाली आणि साधी माशीही वापरायला मोकळी राहिली. व्हिटवर्थ रायफलींवर बसवलेली ही दुर्बीण अमेरिकन यादवीत दक्षिणेकडील निवडक नेमबाजांच्या हाती पोहोचली. लांबी कमी करण्याचा विचार अशा रीतीने लवकरच सुरू झाला होता, पण बाजूला टांगलेल्या वजनाने रायफल एका अंगाला कलते, हा तिचा दोष होता.

युरोपात या प्रश्नाला निराळे वळण लागले. व्हिएन्नात १८९८ साली काहलेसची कंपनी स्थापन झाली आणि लवकरच शिकारी दुर्बिणी बनवू लागली. जर्मनीत त्साइससारखी नावाजलेली कंपनी या क्षेत्रात आली. मध्य युरोपातला शिकारी पुष्कळदा उंच मचाणावर बसून, संधिप्रकाशात, रानडुकराची किंवा हरणाची वाट पाहतो. त्याला चालायचे कमी आणि अंधारात पाहायचे अधिक. म्हणून रुंद काचेची, वजनदार, महाग दुर्बीण तेथे खपली आणि ती हवी तेव्हा काढता-घालता येईल अशी आकड्यांची बैठकही तेथेच विकसित झाली. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत शिकारी मैलोन्‌मैल पायी चालतो आणि जनावर अचानक उठते. त्याच्या दृष्टीने हे सारे वैभव निरुपयोगी होते.

अमेरिकेत त्या काळी विंचेस्टर कंपनीची ‘ए-५’ ही दुर्बीण प्रसिद्ध होती. ती पाचपट मोठे दाखवी आणि तिच्या नलिकेची जाडी पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर होती. नेम जुळवण्याची यंत्रणा दुर्बिणीच्या आत नसून बाहेरच्या बैठकीत असे. बार उडाला की धक्क्याने नलिका बैठकीत पुढे सरके आणि पुढच्या गोळीआधी ती हाताने मागे ओढावी लागे. कागदी लक्ष्यासमोर हे चालून जाई, पण जखमी हरीण झाडीत शिरत असताना हे दोन क्षण फार महाग पडत. पहिली गोळी वर्मी न लागलेले जनावर कोसो दूर जाऊन तडफडत मरते, हे शिकारीतले सर्वांत लाजिरवाणे अपयश मानले जाते. दुर्बिणीच्या सोयीगैरसोयीची चर्चा शेवटी याच अपयशाभोवती फिरते.

१९३० साली केंटकी राज्यातील न्यूपोर्टमध्ये विल्यम राल्फ वीव्हर या तरुणाने ‘मॉडेल ३३०’ बाजारात आणले. तो मंदीचा आरंभ होता. बैठकीसकट किंमत एकोणीस डॉलर. जर्मन दुर्बिणीसाठी मोजाव्या लागणाऱ्या पैशांच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती. मांसासाठी शिकार करणारा शेतकरीही एखाद्या हंगामाच्या बचतीतून ती घेऊ शके. १९३३ मध्ये वीव्हरने आपला कारखाना टेक्सासमधील एल पासो येथे हलवला आणि तेथून हे नाव देशभर पसरले.

‘३३०’ फूटभराहूनही आखूड होती. सरळ पोलादी नलिका, पाऊण इंच जाडीची, दोन्ही टोकांना फुगवटा नाही. वाढ फक्त अडीचपटीच्या आसपास. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की नेम जुळवण्याचे स्क्रू दुर्बिणीच्या पोटात होते. त्यामुळे नलिका बैठकीत घट्ट आवळता येई, ती सरकण्याचा प्रश्न उरला नाही, आणि ती नळीच्या अगदी निकट बसवता येई. निकट बसल्याने गाल दस्त्यावर टेकलेलाच राही. डोळा भिंगामागे आपोआप येई, मान वर काढून शोधावे लागत नसे. खाच आणि माशी जुळवण्याची कसरतही संपली. लक्ष्य आणि क्रॉसहेअर एकाच प्रतलात, दोन्ही स्वच्छ.

अडीचपट हा आकडा ऐकून आजचा वाचक हसेल. परंतु गणित वीव्हरच्या बाजूने आहे. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी काढायची असेल तर पुढच्या काचेच्या व्यासाला वाढीच्या पटीने भागावे. नलिकेची संपूर्ण जाडी काचेचीच धरली, तरी विंचेस्टरच्या पाचपटी दुर्बिणीत १९ भागिले ५, म्हणजे चार मिलिमीटरहूनही कमी. तेवढ्याच जाडीच्या अडीचपटी दुर्बिणीत साडेसात. प्रत्यक्ष आकडे दोन्हीकडे यापेक्षा कमी असतात, पण प्रमाण तेच राहते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे पहाटेच्या धूसर उजेडात, हरणे चरायला बाहेर पडतात नेमक्या त्या वेळी, कमी वाढीची दुर्बीण अधिक उजळ दिसते. शिवाय पट दुप्पट केली की दिसणाऱ्या परिसराची रुंदी साधारण निम्मी होते, आणि हातांचे कंपनही दुप्पट भासते. पळते जनावर त्या अरुंद वर्तुळात सापडवणे हेच मग कठीण काम होऊन बसते.

उणिवाही लपवण्यासारख्या नव्हत्या. प्रकाश-परावर्तन रोखणाऱ्या लेपाचा शोध त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी लावला तो १९३५ साली. ‘३३०’ च्या जन्मवेळी असा लेप नव्हताच. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश वाया जातो. असे दहा पृष्ठभाग आले की शंभरातला जेमतेम सहासष्ट भाग डोळ्यापर्यंत पोहोचतो. आणखी एक खोड अशी की नेम जुळवताना क्रॉसहेअर दृश्याच्या मध्यापासून ढळे आणि कोपऱ्यात गेल्यासारखा दिसे. जर्मन दुर्बिणीशी प्रकाशीय गुणवत्तेत तिची तुलनाच होऊ शकत नव्हती. तरीही अमेरिकन शिकाऱ्याच्या गरजेचे अचूक निदान तिनेच केले होते, हे मान्य करावे लागते.

भारतात त्या काळी चित्र निराळे होते. जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल मिळालेली .२७५ रिग्बी रायफल साध्या माशीचीच होती, आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागच्या बिबट्याला त्यांनी तिनेच मारले, तेही रात्री, टॉर्चच्या उजेडात. काही पावलांवरून येणाऱ्या जनावरासाठी दुर्बिणीची गरज नसते. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर हा विषय आपल्याकडे इतिहासाच्या अभ्यासापुरताच उरला आहे.)

‘३३०’ चे पुढचे प्रकरण मात्र विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याकडे नेमबाजांसाठी तयार, भरपूर संख्येने मिळणारी दुर्बीण नव्हती. पहिली पसंती लायमन कंपनीच्या ‘अलास्कन’ला होती. तिचा पुरवठा अपुरा पडल्याने पर्याय म्हणून वीव्हरची शिकारी दुर्बीण निवडण्यात आली. सैनिकी नाव मिळाले ‘एम७३बी१’. १९४३ च्या प्रारंभी ती ज्या रायफलीवर आली, त्या ‘एम१९०३ए४’ चे सुमारे २८ हजार नग रेमिंग्टनने बनवले.

या रायफलीवर साधी माशी ठेवलेलीच नव्हती. दुर्बिणीला अडथळा होऊ नये म्हणून बोल्टच्या दांड्याचा आकार बदलावा लागला. दुर्बीण मधोमध आल्याने पाच काडतुसांची पट्टी वरून एकदम दाबून भरणे अशक्य झाले, सैनिकाला ती एकेक करून आत सरकवावी लागत. वीव्हरच्या नलिकेत दमट हवा शिरे. इटलीच्या पावसात किंवा पॅसिफिकच्या जंगलात काचेवर आतून वाफ धरली की त्या सैनिकाजवळ नेम धरण्याचे दुसरे साधनच नसे. हंगामातले चार दिवस वापरायची, पाऊस आला तर घरी परतायची मुभा असलेल्या माणसासाठी बनलेली ही वस्तू होती. ती महिनोन्‌महिने चिखलात राहणाऱ्याच्या हाती देण्याचा निर्णय वीव्हरचा नव्हता, आणि त्याची किंमतही त्याने मोजली नाही. हा दोष कारागिराच्या माथी मारणाऱ्या लेखकांनी सैनिकी खरेदीची घाई पुरेशी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

युद्धानंतर लूपोल्ड कंपनीने १९४७ साली नलिकेत नायट्रोजन भरून वाफ धरण्याचा प्रश्न निकालात काढला. वीव्हरची ‘के’ मालिकाही त्याच सुमाराची. मग पटींची शर्यत लागली, तीन ते नऊ पटींच्या बदलत्या दुर्बिणी सर्वत्र झाल्या, आणि अडीचपटी दुर्बीण जुनाट ठरली. १९८० च्या दशकात अ‍ॅरिझोनातील जेफ कूपर यांनी तिला पुन्हा मानाचे स्थान दिले. त्यांच्या कल्पनेतली ‘स्काउट’ रायफल एक मीटर लांब, तीन किलोंच्या आसपास वजनाची, आणि तिच्यावर कमी वाढीची, पुढे सरकवून बसवलेली छोटी दुर्बीण. ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती प्रत्यक्षात आणली.

लूपोल्डने पुढे बनवलेली अडीचपटी, वीस मिलिमीटर काचेची हलकी दुर्बीण साडेसहा औंसांची, म्हणजे १८५ ग्रॅमही न भरणारी. वीस भागिले अडीच, आठ मिलिमीटर. पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियम, काचांवर लेप, आत कोरडा वायू. बाकी आकृतिबंध न्यूपोर्टचाच : सरळ नळी, पुढच्या टोकाला फुगवटा नाही.