पदकाविना चार ऑलिंपिक : अनु निएमिनेनची कारकीर्द



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, फिनलंडची बॅडमिंटनपटू? तिला ऑलिंपिकची पदकं किती?" म्हटलं, "एकही नाही." तो जरा थांबला. मग म्हणाला, "मग तुम्ही तासभर बोलणार कशावर?"

प्रश्न रास्त आहे. आजचं व्याख्यान म्हणजे त्याला दिलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी घटना सांगतो, तत्त्वज्ञान नंतर. नाही तर आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची खोड अशी, की घटना बाजूला राहते आणि आम्ही तिच्यावर बोलत सुटतो.

अनु हे नाव ऐकून आपल्याकडचीच कोणी वाटेल, पण ही फिनलंडची. जन्म 12 डिसेंबर 1977. माहेरचं आडनाव वेक्स्ट्रॉम. महिला एकेरीत ती चार ऑलिंपिक खेळली : 2000 सिडनी, 2004 अथेन्स, 2008 बीजिंग, 2012 लंडन. सिडनीच्या यादीत ती अनु वेक्स्ट्रॉम आहे, लंडनच्या यादीत अनु निएमिनेन. पहिल्या वेळी वय 22, शेवटच्या वेळी 34. म्हणजे मधे बारा वर्षं गेली. आपल्याकडे बारा वर्षांना तप म्हणतात. इथे तो शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही, हिशेब म्हणून वापरतो.

आता ही बारा वर्षं कुठल्या मुलुखात गेली ते पाहू. फिनलंडची लोकसंख्या पन्नास-पंचावन्न लाख. आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. क्रीडाप्रेम मात्र भरपूर. पावो नुर्मीने धावण्यात नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली ती याच देशासाठी. पुढे स्कीइंग आहे, भालाफेक आहे, आइस हॉकी तर घराघरात. या गर्दीत बॅडमिंटनला जागा किती असणार? फिनिश भाषेत या खेळाला सुल्कापालो म्हणतात. सुल्का म्हणजे पीस, पालो म्हणजे चेंडू. पिसांचा चेंडू. सोळा पिसं आणि वजन जेमतेम पाच ग्रॅम. हवा थंड असली की ती जड होते आणि फूल मंद जातं, गरम हवेत सुसाट सुटतं. त्यामुळे थंड हॉलमध्ये सराव करणारी मुलगी दमट, उष्ण आशियात स्पर्धेला गेली, की तिला हाताचा अंदाज पुन्हा नव्याने बसवावा लागतो.

या खेळाशी आपलाही जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, आणि काही काळ त्याला 'पूना' असंच नाव होतं. पुढे इंग्लंडातल्या बॅडमिंटन हाउस या सरदारी वाड्याचं नाव त्याला चिकटलं आणि पुणं मागे पडलं. इतिहासात कोणाचं नाव राहतं आणि कोणाचं जातं, हा आजचाच विषय असल्यामुळे एवढं सांगितलं.

आता समोर कोण होतं? अनु ज्या चार ऑलिंपिकमध्ये खेळली, त्या चारही वेळा महिला एकेरीचं सुवर्ण चीनला गेलं. सिडनीत गोंग झिचाओ, अथेन्स आणि बीजिंगला झांग निंग, लंडनला ली शुएरुई. झांग निंग अनुपेक्षा दोन वर्षांनी मोठी, ली शुएरुई तेरा वर्षांनी लहान. म्हणजे समोरची पिढी बदलली, हिची मात्र तीच नेट आणि तेच कोर्ट. शेजारच्या डेन्मार्कमध्ये या खेळाची परंपरा मोठी. तिथल्या पोल-एरिक होयरने 1996 ला पुरुष एकेरीचं सुवर्ण नेलं, कॅमिला मार्टिनने सिडनीत रौप्य. फिनलंडला ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनचं पदक कधीच मिळालेलं नाही.

त्यात मधेच खेळाचा कायदा बदलला. सिडनी आणि अथेन्सला महिला एकेरीचा गेम 11 गुणांचा होता, आणि गुण फक्त सर्व्हिस करणारीलाच मिळायचा. आपल्या सर्व्हिसवर चूक झाली तर सर्व्हिस जायची, गुण जायचा नाही. 2006 मध्ये हे मोडलं. गेम 21 चा झाला आणि सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला. चुकीला माफी उरली नाही. ज्या पद्धतीत लहानपणापासून हात तयार झाला, ती पद्धत अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. अनेकांनी अशा वळणावर रॅकेट टांगून ठेवली असती, आणि त्यांना कोणी नावं ठेवली नसती. अनु त्यानंतर आणखी दोन ऑलिंपिक खेळली.

आणि ऑलिंपिकला जाणं म्हणजे निवड समितीने पत्र पाठवलं की गेलं, असं नसतं. आधीचं वर्षभर देशोदेशी स्पर्धा खेळून क्रमवारीचे गुण जमवावे लागतात. मोठमोठ्या विजेत्यांची नावं आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण या खेळाचा बराचसा भाग छोट्या शहरांतल्या हॉलमध्ये, पहिल्या-दुसऱ्या फेरीत, थोड्याशा प्रेक्षकांसमोर घडतो. हे वर्ष तिने चार वेळा काढलं.

तिचे पती यार्को निएमिनेन हे टेनिसपटू. 2006 मध्ये ऑकलंडला एटीपी स्पर्धा जिंकणारे ते पहिले फिनिश खेळाडू. त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचले आणि जागतिक क्रमवारीत 13 व्या स्थानापर्यंत गेले. लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत त्यांनी आपल्या सोमदेव देववर्मनला हरवलं, म्हणून काहींना ते आठवतही असतील. म्हणजे एकाच घरात दोन रॅकेटी. एका रॅकेटीभोवती पैसा, प्रसिद्धी, दूरदर्शनचे कॅमेरे. दुसरीभोवती त्या मानाने फार थोडं. तुलना घरातच उभी होती, आणि तरी ती खेळत राहिली.

आता प्रश्न विचारू या. का?

इथे मला हेलसिंकीचेच एक तत्त्वज्ञ आठवतात, गेओर्ग हेनरिक फॉन व्रिग्ट. 1948 मध्ये केंब्रिजला विट्गेनश्टाइनच्या जागी प्राध्यापक म्हणून गेले ते हेच. 1971 साली त्यांचं एक पुस्तक आलं. वर्गात ते मी पुष्कळदा शिकवलं. त्यात त्यांनी मांडलं ते सोप्या भाषेत असं : दगड का पडला याचं उत्तर आपण कारणाने देतो. माणूस असा का वागला याचं उत्तर त्याच्या हेतूने द्यावं लागतं. त्याला अमुक हवं होतं, त्यासाठी तमुक करायला हवं असं त्याला वाटलं, म्हणून त्याने तमुक केलं. इतिहासकाराने ही साखळी जुळवायची.

मग जुळवून पाहू. समजा, अनुचा हेतू होता पदक. सिडनीनंतर, अथेन्सनंतर, त्या खेळात पदक कोणाकडे जातं हे लख्ख दिसत होतं. दिसत असूनही ती आणखी आठ वर्षं खेळली. म्हणजे एक तर तिला समजत नव्हतं, किंवा आपण लावलेला हेतू चुकीचा आहे. चार वेळा जागतिक क्रमवारीतून पात्र ठरणाऱ्या बाईला आपल्या खेळाची समज नव्हती, हे मला काही पटत नाही. मग चूक आपली. आपणच तिच्या माथी पदकाचा हेतू मारला, आणि मग ती अयशस्वी ठरली असं म्हणून मोकळे झालो.

तुम्ही म्हणाल, सर, हे पराभवाचं गोड समर्थन झालं. नाही. जिंकायचं नसेल तर बॅडमिंटन खेळताच येत नाही. प्रत्येक फूल समोरच्या कोर्टात पाडायचंच असतं. पण खेळात जिंकण्यासाठी झटणं वेगळं आणि जिंकण्यासाठीच खेळात असणं वेगळं. हा फरक पुस्तकी वाटत असेल तर लंडनलाच चला.

2012 चं ते ऑलिंपिक आपल्याला सायना नेहवालच्या कांस्यपदकामुळे आठवतं. त्याच वेम्बली अरीनामध्ये, त्याच आठवड्यात, महिला दुहेरीच्या चार जोड्यांना, म्हणजे आठ खेळाडूंना स्पर्धेतून काढून टाकलं गेलं. दोन जोड्या दक्षिण कोरियाच्या, एक चीनची, एक इंडोनेशियाची. कारण? गटात हरलं तर पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळेल, म्हणून त्या मुद्दाम हरू पाहत होत्या. सर्व्हिस नेटमध्ये, फटके कोर्टाबाहेर, आणि प्रेक्षक हुर्यो उडवतायत. चीनची जोडी तर जगज्जेती होती. मी त्या मुलींना फार दोष देत नाही, गटपद्धतीच तशी आखली होती. पण फॉन व्रिग्टची साखळी लावा : पदक हवं, त्यासाठी आज हरायला हवं, म्हणून हरू या. तर्कात एकही खोट नाही. आणि शेवटी बॅडमिंटनच उरत नाही.

त्याच हॉलमध्ये 34 वर्षांची अनु आपलं चौथं ऑलिंपिक खेळत होती, आणि ती जिंकण्यासाठी खेळत होती. आता सांगा, त्या आठवड्यात खेळ कोणी सांभाळला?

शेवटी एक घरचं उदाहरण देतो. हेलसिंकी म्हटलं की आपल्याला खाशाबा जाधव आठवतात. 1952 ला तिथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पण त्याआधी 1948 ला, लंडनमध्येच, ते सहावे आले होते. समजा 1952 घडलंच नसतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 च्या गादीवर जसा होता तसाच राहिला असता. तीच ताकद, तेच कष्ट, तेच डाव. फक्त आपण त्याचं नाव घेतलं नसतं. म्हणजे उणीव त्याच्यात नसती, आपल्या वहीत असती.

मी ती वही थोडी दुरुस्त करू पाहतोय, एवढंच. स्पर्धेत भाग घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना पदक मिळत नसतं, आणि त्यांच्यावाचून स्पर्धाही होत नसते. पहिल्या फेरीत समोर कोणी उभंच नसेल तर विजेती कोणाला हरवून पुढे जाणार?

माझ्या विद्यार्थ्याला मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, "ये, मग सांगतो." तो आलाय, मागे बसलाय. पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्या.